बेळगाव की बेळगावी: लेखकाचा शब्द आणि वाचकाचा विश्वास

बेळगाव, बेळगांव, बेळगावी आणि बेलगाम हे चार शब्द एकाच शहरासाठी छापलेले आढळतात, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातला मराठी वाचक त्यांतला कोणता शब्द वापरला आहे एवढे पाहूनच लेखकाविषयी अर्धे मत बनवून मोकळा होतो. ‘बेळगावी’ दिसले की मजकूर सरकारी परिपत्रकातून किंवा कन्नड बातमीवरून उतरवला असावा असे त्याला वाटते, कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव तेच असले तरी मराठी बोलणारा माणूस घरात, बाजारात किंवा बसमध्ये ते सहसा उच्चारत नाही. ‘बेळगांव’ असे अनुस्वारासह लिहिलेले असेल, तर लिहिणारा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी शाळा शिकलेला असावा किंवा त्याने एखाद्या जुन्या दुकानाची पाटी जशीच्या तशी उतरवून घेतली असावी, असा तर्क होतो. ‘बेलगाम’ हे रूप हिंदी बातम्यांतून येते. मराठीत त्याचा अर्थ लगाम नसलेला असा होत असल्यामुळे वाचक किंचित हसतो आणि लेखक इथला नाही, हे मनाशी ठरवून टाकतो. एवढे सगळे होते तेव्हा मूळ बातमी, समजा शहराच्या पाणीपुरवठ्याची, अजून सुरूही झालेली नसते.

वाचकाच्या मनात या क्षणी जे चालते ते समजून घेण्यासारखे आहे. वाक्य माहिती देते, पण त्याआधी शब्द लेखकाविषयी साक्ष देतात. हा माणूस सांगतो आहे त्या गोष्टीच्या किती जवळ गेला होता, तो कोणाच्या बाजूने उभा आहे आणि मला तो काय समजतो, या तीन प्रश्नांची उत्तरे वाचक शब्दांवरून काढत असतो, आणि तेही न ठरवता. या उत्तरांतून जे तयार होते त्याला आपण विश्वास म्हणतो. तो लेखकावरचा विश्वास असतो. माहिती खरी आहे की नाही, हा प्रश्न त्यापासून वेगळा राहतो. गोंधळ होतो तो या दोन गोष्टी आपण एकच समजतो म्हणून.

सीमाभागात शब्दांकडे इतक्या बारकाईने का पाहिले जाते, याचे एक उत्तर भाषाशास्त्रात सापडते. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावातील भाषांचा अभ्यास करून १९७१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्या गावात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत होती. अभ्यासकांना असे दिसले की या भाषांची वाक्यरचना तेथे इतकी सारखी झाली होती की एका भाषेतील वाक्यातला एकेक शब्द उचलून त्या जागी दुसऱ्या भाषेतला शब्द ठेवला, तरी वाक्य बिनचूक तयार होत असे. व्याकरण जवळजवळ एक झाले होते, शब्द मात्र वेगळे राखले गेले होते. कोण कोणत्या घरचा हे ओळखण्याची खूण शब्दांतच उरली होती. बेळगावकडे याचे पडसाद रोज कानावर पडतात. आपण ‘करूलालाय’ म्हणतो, त्यामागे ‘करू लागलाय’ हे उघड दिसते, आणि शेजारचा कन्नड माणूस ‘माडाक हत्त्यान’ म्हणतो, त्यातही ‘हत्तु’ म्हणजे लागणे किंवा चिकटणे हेच क्रियापद आहे. सांगाडा एक, कातडी दोन. अशा ठिकाणी वाढलेला वाचक शब्दाकडे खूण म्हणूनच पाहायला शिकतो.

आता जवळिकीचा प्रश्न घेऊ. खानापूर तालुक्यातील भातशेतीवर दोन लेख आले आहेत असे समजा. पहिल्यात लिहिले आहे, ‘पावसाळ्याच्या तोंडावर शेतकरी भाताची लागवड करतात.’ दुसऱ्यात लिहिले आहे, ‘रोहिणीत धूळवाफ पेरणी उरकली की बाकीच्या शिवारात चिखल करून नट्टी लावायची वाट पाहायची.’ पहिल्या वाक्यात चूक काहीच नाही, पण ते खोलीत बसून कोणालाही लिहिता येते. दुसऱ्यात कोरड्या धुळीत बी पेरणे आणि वाढलेली रोपे उपटून चिखलात लावणे या दोन निराळ्या कामांना दोन निराळी नावे आहेत, त्यांतले ‘नट्टी’ कन्नडमधल्या ‘नाटि’वरून आलेले असूनही इथल्या मराठी शेतकऱ्याचे स्वतःचे झालेले आहे, आणि नक्षत्राच्या नावाने वेळही सांगितली आहे. हा लेखक बांधावर उभा राहून आला आहे, असे वाचकाला वाटते. नेमक्या, डोळ्यांसमोर चित्र उभे करणाऱ्या शब्दांत सांगितलेले विधान माणसांना अधिक खरे वाटते, असे मानसशास्त्रातील प्रयोगांतही दिसून आले आहे.

मात्र हा विश्वास जितक्या लवकर मिळतो तितक्याच लवकर जातो. ऐकीव शब्दांच्या जोरावर कोणी ‘पुष्य नक्षत्रात धूळवाफ पेरणी जोरात’ असे लिहिले, तर शेतकरी वाचक तेथेच थांबेल, कारण पुष्य लागते तेव्हा जुलै सरत आलेला असतो, शिवारात घोटाभर पाणी असते आणि धूळ शोधूनही मिळत नाही. साधे ‘पेरणी’ लिहिणाऱ्याची चूक आपण माफ करतो; धंद्यातला शब्द मिरवून चुकणाऱ्याची करत नाही. उसना शब्द हा उसन्या दागिन्यासारखा असतो. तो कुठे आणि कधी घालायचा हेही मालकाकडून विचारून घ्यावे लागते.

अवघड शब्दांची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण तिथे बहुतेक लिहिणाऱ्यांचा समज उलटा असतो. भारदस्त शब्द वापरला की आपण विद्वान दिसू, असे आपल्याला वाटते. प्रिन्स्टन विद्यापीठात असताना डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञाने २००६ मध्ये यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विद्यापीठ प्रवेशासाठी लिहिलेले निबंध घेऊन त्यांतील साध्या शब्दांच्या जागी समानार्थी पण लांबलचक शब्द घालण्यात आले आणि वाचकांना लेखकाविषयी मत विचारण्यात आले. शब्द जितके जड, तितका लेखक कमी बुद्धिमान ठरला. पुढच्या एका प्रयोगात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या एकाच उताऱ्याची दोन भाषांतरे दिली गेली, एक सोपे आणि एक क्लिष्ट. क्लिष्ट भाषांतर वाचणाऱ्यांनी लेखकाला कमी गुण दिले, आणि लेखक देकार्त आहे हे सांगितल्यावरही हा परिणाम राहिलाच. या निबंधाला त्याच वर्षी साहित्यासाठीचे विनोदी इग नोबेल पारितोषिक मिळाले, तरी प्रश्न विनोदी नाही.

असे का होते? वाचताना मेंदूला कष्ट पडले की त्या कष्टांचे कारण मन शोधते, आणि खरे कारण समोर नसेल तर जे समोर आहे त्याच्यावर दोष टाकते. लेखक समोर असतो. ‘मला कळले नाही’ या अनुभवाचे रूपांतर ‘याला नीट सांगता येत नाही’ किंवा ‘हा काहीतरी लपवतो आहे’ या निष्कर्षात होते. ओपनहायमरच्या शेवटच्या प्रयोगात हे फार छान दिसते. छपाईची शाई फिकी असल्यामुळे मजकूर वाचायला त्रास होत होता, पण शाई संपत आली आहे हे वाचकाला स्पष्ट दिसत असल्यामुळे त्याने लेखकाला दोष दिला नाही, उलट थोडे झुकते मापच दिले. कष्टाचे कारण कळले की वाचक हिशोब दुरुस्त करू शकतो. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण वाचकाच्या हातात असलेले जवळजवळ एकमेव हत्यार तेच आहे.

मी स्वतः या खड्ड्यात पडलेलो आहे. सीमाभागातील खेडोपाडी जी छोटी साहित्य संमेलने भरतात, त्यांपैकी एका ठिकाणी बऱ्याच वर्षांपूर्वी मी रताळ्याच्या शेतीवर निबंध वाचला आणि त्यात शेतकऱ्याला अथपासून इतिपर्यंत ‘कृषीवल’ म्हटले. मंडपात बसलेले निम्मे लोक सकाळी रताळ्याचे वेल ओढून आलेले होते. कार्यक्रम संपल्यावर एका आजोबांनी अगदी आदराने विचारले, ‘सर, हे कृषीवल म्हणजे खात्याचे साहेब काय?’ त्यांना वाटले होते की मी शेतकी खात्यातील अधिकाऱ्यांवर बोलतो आहे आणि निबंधातली सगळी तक्रार त्यांच्याविरुद्ध आहे. टाळ्या का वाजत होत्या ते मला तेव्हा कळले.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांनी हे दुखणे नावानिशी नोंदवून ठेवले आहे. अकराव्या शतकातील काश्मीरचा मम्मट ‘काव्यप्रकाशा’त शब्दांचे दोष सांगताना ‘अप्रतीत’ नावाचा एक दोष सांगतो. एखाद्या शास्त्रापुरताच माहीत असलेला शब्द सर्वांसाठीच्या रचनेत वापरणे, म्हणजे अप्रतीत. त्याच यादीत ‘अप्रयुक्त’ हा दोषही आहे, म्हणजे कोशाने मान्य केलेला पण कोणी न वापरणारा शब्द; माझा ‘कृषीवल’ तेथे बसवायला हरकत नाही. उलट बाजूला प्रसाद हा गुण आहे. वाळलेल्या लाकडात अग्नी पसरावा किंवा स्वच्छ पाणी झिरपावे तसा अर्थ चटकन पसरतो, असे त्याचे वर्णन मम्मट करतो. हजार वर्षांपूर्वीचे हे वर्णन आणि वाचनातील सुलभतेविषयीचे आजचे प्रयोग एकाच ठिकाणी येऊन मिळतात, याची मला नेहमी मौज वाटते.

पण म्हणून सोपा शब्द म्हणजे विश्वास, असे समीकरण मांडता येत नाही. वकिलाची नोटीस घरी आली आणि तिच्यात ‘तुम्ही आमची जागा सोडा, नाहीतर आम्ही कोर्टात जाऊ’ एवढेच लिहिलेले असले, तर ती गंभीरपणे घ्यावी की नाही असा प्रश्न पडेल. ‘अशील’, ‘कब्जा’, ‘दावा’, ‘मुदतीच्या आत’ हे शब्द दिसल्यावरच ती खरी वाटते. तहसीलदार कचेरीबाहेर बसून अर्ज लिहून देणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. आलेल्या म्हातारीने ‘माझ्या धाकट्या दिराने उताऱ्यावरनं माझं नाव काढलं’ असे सांगितले की कागदावर ‘वारसा नोंद’ आणि ‘हरकत’ हे शब्द उतरतात, आणि आपले म्हणणे आपल्याला न कळणाऱ्या भाषेत वाचून दाखवल्यावर म्हातारीला हायसे वाटते. तिचा विश्वास त्या शब्दांवर आहे, कारण कचेरीतले लोक त्याच शब्दांनी हलतात हे तिने पाहिलेले आहे. मम्मटाच्याच शतकात काश्मीरमध्येच होऊन गेलेल्या क्षेमेंद्राने यालाच ‘औचित्य’ म्हटले आणि त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शब्द अवघड की सोपा हे दुय्यम आहे. त्या जागी, त्या माणसासमोर तो शोभतो की नाही, यावर पुष्कळ काही ठरते.

शिवाय अवघडपणा हा शब्दाचा कायमचा गुणही नसतो. ‘दिनांक’, ‘क्रमांक’, ‘महापौर’ हे शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून आले, तेव्हा ‘तारीख’ आणि ‘नंबर’ यांची सवय असलेल्यांना ते नक्कीच खटकले असतील. आज अर्जावर ‘दिनांक’ वाचताना कोणी अडखळत नाही. सवयीने शब्दाचे खडे झिजतात, आणि झिजलेल्या शब्दावर विश्वास बसतो.

बाजू दाखवणारे शब्द सर्वांत नाजूक असतात. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवून गाड्यांचा वेग विचारला गेला, फक्त प्रश्नातले क्रियापद बदलत गेले. गाड्या एकमेकींवर ‘आदळून चुराडा झाला’ अशा अर्थाचा शब्द वापरला तेव्हा लोकांनी सरासरी वेग ताशी ४०.८ मैल सांगितला, आणि गाड्या एकमेकींना ‘टेकल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरला तेव्हा ३१.८ मैल. दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्याने पुन्हा विचारले गेले की फुटलेली काच दिसली होती का. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती, तरी ‘चुराडा’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी होकार दिला, आणि सौम्य ‘धडक’ ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांनी. एका क्रियापदाने आठवणीत काच फोडली.

आता आपल्याकडे पाहू. १७ जानेवारी १९५६ रोजी सीमाभागात आंदोलन पेटले आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मरण पावली. एक लेखक लिहील, ‘गोळीबारात काही जण ठार झाले.’ दुसरा लिहील, ‘पोलिसांनी आंदोलकांना ठार केले.’ तिसरा लिहील, ‘वीरांनी हौतात्म्य पत्करले.’ पहिल्या वाक्यात मारणारा दिसत नाही, दुसऱ्यात तो पहिल्याच शब्दात दिसतो, आणि तिसऱ्यात मरणारे स्वतःच कर्ते होतात. घटना तीच. दर १७ जानेवारीला बेळगावात हुतात्मा दिन पाळणाऱ्या समाजात मी वाढलो असल्यामुळे ‘हुतात्मा’ हा शब्द दिसला की माझा लेखकावरचा विश्वास आपोआप वाढतो, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण त्या लेखात पुढे दिलेली जमावाची संख्या किंवा वेळ त्यामुळे अधिक खरी ठरत नाही. माझ्या कन्नड शेजाऱ्याचे नेमके उलटे होत असणार. तो शब्द वाचताच त्याची भुवई वर जाईल आणि पुढची खरी माहितीही तो संशयाने वाचेल. १ नोव्हेंबर या कर्नाटकाच्या स्थापना दिवसाचेही तसेच आहे. एका घरात तो राज्योत्सव असतो, शेजारच्या घरात काळा दिवस असतो, आणि बातमीच्या मथळ्यात यांपैकी कोणता शब्द आहे यावर वाचक वर्तमानपत्राची जात ठरवतो. दोन्ही शब्द टाळून नुसते ‘१ नोव्हेंबर’ लिहिणाऱ्यालाही सुटका नाही. तो भित्रा ठरतो.

दोन भाषांत सारखे दिसणारे शब्द हा आमच्या भागातला आणखी एक सापळा आहे. ‘अनुमान’ म्हणजे मराठीत पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष. कन्नडमध्ये त्याच शब्दाचा रोजचा अर्थ शंका असा आहे. ‘अवसर’ मराठीत संधी असते किंवा देवाचा अंगात येणारा संचार असतो. कन्नडमध्ये ती घाई असते. कन्नडवरून मराठीत उतरवलेल्या एका सूचनाफलकावर ‘रांगेत उभे राहावे, अवसर करू नये’ असे मी एकदा वाचले आणि रांगेतल्या कोणाच्या अंगात देवी येणार आहे की काय, असे क्षणभर वाटले. फलक लावणाऱ्याचा हेतू चांगला होता, निदान मराठीत लिहिण्याचे कष्ट त्याने घेतले होते, पण वाचणाऱ्या मराठी माणसांना त्यातून एवढेच कळले की लिहिणाऱ्याला आपली भाषा येत नाही आणि ती येणाऱ्याला विचारावे असेही त्याला वाटले नाही. मघाशी सांगितलेला तिसरा प्रश्न, म्हणजे लेखक मला काय समजतो, तो असा एका शब्दात सुटतो.

बोलीचे काय, हा प्रश्न मात्र मला आजही सोडवता आलेला नाही. शिरी लेव-आरी आणि बोआझ कीसार यांनी २०१० मध्ये दाखवले की परक्या ढंगाच्या उच्चारात सांगितलेले विधान लोकांना कमी खरे वाटते. उंटापेक्षा जिराफ पाण्याशिवाय जास्त दिवस राहू शकतो, असले निरुपद्रवी विधानही त्यातून सुटत नाही. कारण पुन्हा तेच, ऐकताना पडणारे कष्ट. प्रयोगाचा हेतू सांगितल्यावर हलक्या ढंगाच्या बाबतीत लोकांनी आपले मत सुधारले, जड ढंगाच्या बाबतीत त्यांना तेही जमले नाही. छापील मराठीत बेळगावी बोली आली की पुण्या-मुंबईच्या वाचकाचे असेच काहीसे होत असावे, आणि वर तिच्यात त्याला विनोदही ऐकू येतो, कारण ती बहुधा विनोदापुरतीच त्याच्यापर्यंत पोहोचलेली असते. ‘काय करूलालास?’ असे विचारणारा माणूस गंभीर गोष्ट सांगतो आहे, हे पटायला त्याला वेळ लागतो. उलट इथला वाचक प्रमाण मराठीतील घोटीव वाक्य वाचून लेखकाला शहाणा म्हणतो, पण आपला म्हणत नाही.

मी मराठी शाळेत शिकवत असताना पाचवीतल्या एका मुलाने ‘माझे आजोबा’ या निबंधात लिहिले होते, ‘आमचे आबा पावसात खोळ घेऊन नट्टी लावूलालेत.’ मी लाल शाईने ‘नट्टी लावूलालेत’ खोडून वर ‘भाताची लागवड करत आहेत’ असे लिहिले. वही हातात घेऊन तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, लागवड उसाची पण असते की.’ त्याचे बरोबर होते. मी सुधारलेल्या वाक्यातून आबांच्या पायाखालचा चिखल गेला होता. आज ती वही समोर आली, तर ‘नट्टी’ला मी हात लावणार नाही. ‘लावूलालेत’चे काय करायचे, ते अजून ठरलेले नाही.